विहिणीची जागा

"अगं बया! हा काय केसाळ सुरवंट काढलायस?"

आत्या माझ्या खुर्चीमागं कधी येऊन उभी राहिली ते मला कळलंच नव्हतं. मी अशी दचकले की हातातला माउस टेबलाखाली लोंबायला लागला.

"सुरवंट कसला, आत्या? तुझा आवाज आहे हा."

"माझा?" तिनं चष्मा नाकावर खाली ओढला आणि कॉम्प्युटरच्या पडद्यात तोंड घातलं. तिथं निळी पट्टी होती, लांबच लांब, कुठं फुगलेली, कुठं बारीक. "मी एवढी केसाळ गाते व्हय?"

"जिथं फुगलंय तिथं तू जोरात गायलीयस. आणि ही सपाट रेघ दिसते ना, तिथं तू गप्प बसलीयस."

"मग सपाट काय फारसं दिसंना बाई," असं म्हणून तीच खो खो हसली. "आणि आता ह्याचं काय करणार?"

"कापणार."

"कापणार? का गं? एवढं वाईट गायले?"

"अगं, तीन-साडेतीन तासांचं एकच लांबडं रेकॉर्डिंग आहे हे. लग्नात हळदीच्या वेळी स्पीकरवाल्या इलाहीभाईंनी हळदीचं गाणं कुठं शोधत बसायचं? म्हणून एकेक गाणं वेगळं करायचं, त्याला नाव द्यायचं. मग ते हवं ते गाणं बटण दाबून लावतील."

"म्हंजे वाटे घालायचे म्हण की," आत्या म्हणाली. "घाल बाई घाल. फक्त सारखे घाल."

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. माझ्या धाकट्या बहिणीचं, सुकन्येचं लग्न आठवड्यावर आलं होतं. तासगावजवळच्या आमच्या गावात मे महिन्यात बेदाण्याची शेडं रिकामी होतात, म्हणून आमच्याकडं लग्नं त्याच महिन्यात, शेडासमोर मांडव घालून. मी तालुक्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरांना शिकवत होते. गावात कुणाचा मोबाइल बिघडला, कुणाचा रिझल्ट बघायचा असला, की वैजूला बोलवा. त्यामुळं मला जगातलं सगळं कळतं असं माझं ठाम मत होतं.

हौसाआत्या म्हणजे आमच्या दादांची थोरली बहीण. पंचक्रोशीत लग्न ठरलं की मुहूर्ताच्या आधी हौसाबाई मोकळ्या आहेत का ते विचारायचे, एवढी तिची गाणी गाजलेली. तिला न्यायला गाडी यायची. हळदीची गाणी, घाण्याची गाणी, रुखवताची गाणी, सगळी तोंडपाठ. पण तिचं खरं नाव झालं होतं ते विहिणीच्या गाण्यांवर. पंगतीत वरमाय जेवायला बसली की मुलीकडच्या बायका गाण्यातनं तिची टिंगल करतात ना, ती गाणी. त्यात आत्याचा हात धरणारी बाई मी अजून बघितलेली नाही. ती आयत्या वेळी समोरच्या बाईचं नाक, साडी, चालणं बघून कडवी रचायची आणि जिची टिंगल चाललीय त्या बाईलाच हसून हसून ठसका लागायचा.

त्या लग्नाच्या दोन वर्षं आधी आत्याचे मालक अचानक गेले. मूलबाळ नव्हतं, म्हणून दादा तिला आमच्या घरी घेऊन आले. तेव्हापासून ती एकाही लग्नाला गेली नव्हती. घरात गायची, शेतात गायची, म्हशीचं दूध काढताना गायची. मांडवाचं नाव काढलं की गप्प. तिला कुणी नको म्हणालं नव्हतं, हे खरं. पण ये म्हणूनही कुणी तिच्या दाराशी गेलं नव्हतं. गाड्या यायच्या थांबल्या त्या थांबल्याच.

सुकूचं लग्न ठरल्यावर सुकूच तिच्या गळ्यात पडली.

"आत्या, तू गाणार ना गं?"

"नको बाई. तुझ्या संसाराला माझी सावली नको. मी कोठी सांभाळते की. लाडू, साखर, तेल, सगळं माझ्या नजरेखाली. एक दाणा इकडचा तिकडं व्हायचा नाही बघ."

आमच्याकडं लग्नाचा सगळा किराणा आणि पक्वान्नं ज्या खोलीत ठेवतात ती कोठी. शेडाच्या टोकाला पत्र्याची एक खोली होती, ती ठरली. घरातल्या विश्वासाच्या माणसाला तिथं बसवतात. मान मोठा, पण मांडवातलं काही दिसत नाही. आत्यानं ती जागा स्वतः मागून घेतली आणि आई-दादांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सुकू मात्र परसात जाऊन रडली. लहानपणी आत्याच्याच गाण्यांवर आम्ही दोघी बाहुलीची लग्नं लावायचो. मला फार लागलं ते. म्हटलं, आत्या येत नाही तर नाही, तिचा आवाज तरी मांडवात आणून दाखवतेच.

मग मी डाव टाकला. एका दुपारी ओसरीवर शेवया करायचा बेत काढला. हाताला काम लागलं की आत्याच्या तोंडाला गाणं लागतं, हे मला माहीत होतं. फोन पाटाशेजारी ठेवला आणि तिला खरं काय ते सांगून टाकलं.

"मांडवात तू नसशील. स्पीकर असेल."

तिनं कणकेचा गोळा मळता मळता विचार केला. "घरात गायला कुठं बंदी हाय? मी माझ्या घरात गाते. तू त्याचं काय करायचं ते कर."

आणि गायली हो! ऊन उतरेपर्यंत गायली. मधेच शेळीला हाकललं, मधेच चहा मागितला, एकदा तर अर्ध्या गाण्यात "अगं, शेवई जाड होतीय तुझी, लक्ष कुठाय?" म्हणून मला झापलं. फोन सगळं ऐकत होता. विहिणीची गाणी आली तेव्हा मात्र ती एक चमत्कारिक गोष्ट करत होती. एक कडवं गायचं, हात थांबवायचा, दाराकडं बघत बसायचं. मग पुढचं कडवं. मला वाटलं, दोन वर्षांत विसरली असेल, आठवत असेल बिचारी.

हे सगळं कापायला मी इंटरनेटवरनं एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं होतं. त्यात एक सोय होती. आवाज जिथं थांबतो ती जागा ते स्वतःच शोधायचं आणि तिथं खूण करायचं. मी खुशीत बटण दाबलं, तर त्यानं शंभरावर तुकडे पाडले! आत्यानं दम घेतला की तुकडा. एका तुकड्यात नुसतं "हाट्!" होतं. एकात फक्त चहाचा भुरका. मग मी ते सगळं रद्द केलं आणि कानाला हेडफोन लावून हातानं खुणा करत बसले. गाणं सुरू झालं की खूण, संपलं की खूण, खुणेला नाव. हळद एक, हळद दोन, घाणा, रुखवत. शेवटी एकदा बटण दाबलं की सगळी गाणी वेगवेगळी होऊन एका फोल्डरमध्ये रांगेत उभी. शेळी गेली, चहा गेला, माझ्यावरची बोलणी गेली. मला एवढा आनंद झाला की मी क्लासच्या सरांनाही नेऊन दाखवलं.

विहिणीच्या गाण्यांत त्या लांबड्या सपाट रेघा राहिल्या होत्या, प्रत्येक कडव्यानंतर एक. म्हटलं, मांडवात एवढा वेळ स्पीकर गप्प राहिला तर लोक म्हणतील लाईट गेली. धरली रेघ, उडवली. धरली, उडवली. गाणी अशी घट्ट झाली की कडव्याला कडवं चिकटलं. आत्याला म्हटलं, ऐक एकदा. तर म्हणाली, "माझाच आवाज मला काय ऐकवतीस? रोज ऐकते मी."

आईला मात्र धाकधूक होती. "वैजे, आवाज कुणाचा ते कुणाला सांगू नकोस. विहीणबाई फार रीतीभातीच्या आहेत म्हणे. त्यांना कळलं, की वन्संनी... म्हणजे वन्संचं असं झाल्यावर... तर सुकूला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल."

"मग सांगू काय?"

"सांग, कॅसेट आहे म्हणून."

"आई, कॅसेट आता कुठं राहिलीय?"

"मग जे राहिलं असंल ते सांग!"

लग्नाच्या दिवशी मी इलाहीभाई मुजावरांच्या शेजारी ठाण मांडून बसले. साउंड सिस्टीम त्यांची, पेनड्राइव्ह माझा. हळदीला हळद एक लागली आणि आत्याचा आवाज मांडवभर पसरला. सुकूनं पिवळ्या तोंडानं वर बघितलं. तिचे डोळे भरले आणि तोंड मात्र हसत होतं. गावातल्या बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. त्यांना कळायला काय वेळ लागतोय? पण कुणी तोंडातनं शब्द काढला नाही. एका गाण्यात माझ्या नजरेतनं सुटलेलं "हाट्! मेली पिठात तोंड घालती!" निघालं, तेव्हा नेमक्या करवल्या हळदीच्या परातीवर वाकल्या होत्या. त्या दचकून मागं सरल्या आणि मांडवात हशा पिकला. इलाहीभाई मला म्हणाले, "ताई, हे गाणं भारी हाय. पुन्हा लावू?"

अक्षता पडल्या. पोटात कावळे ओरडायला लागले. आणि विहिणीची पंगत बसली.

सुकूची सासू, शेवंताबाई जगदाळे, आटपाडीकडची. उंच, धिप्पाड बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आवाज असा की माइकची गरज नाही. पाटाभोवती रांगोळी, ताटाभोवती महिरप. त्यांच्याकडच्या दहा-बारा बायका दोन्ही बाजूंना. आईनं हात जोडून म्हटलं, "सावकाश होऊ द्या विहीणबाई." आणि मला डोळ्यानं खुणावलं. मी इलाहीभाईंना खुणावलं.

*विहीण आली गाडीतनं, गाडी गेली दबून,*
*ड्रायव्हर म्हणतो मावशी जरा, उतरताना जपून!*

पंगत फसकन हसली. शेवंताबाईंच्या डोळ्यांत चमक आली. त्यांनी हातातला घास खाली ठेवला, पदर खांद्यावर नीट केला, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात

*विहिणीची पैठणी बाई, घडी नाही मोडली,*
*शेजारणीला परत द्यायची, म्हणून जपून नेसली!*

पुन्हा हशा. शेवंताबाईंनी तोंड मिटलं. घसा खाकरून पुन्हा उघडलं. पुढचं कडवं आदळलं. आता त्यांनी हात वर केला, थांबा म्हणून. स्पीकरला हात काय दिसतोय! चौथं कडवं आलं, पाचवं आलं. बाईंचं तोंड लाल झालं. सहावं कडवं निम्म्यात असताना त्यांनी ताट पुढं सरकवलं आणि उभ्या राहिल्या.

"मी जेवत नाही."

इलाहीभाईंनी घाईघाईनं गाणं थांबवलं. मांडवात आचाऱ्याच्या कढईतली फोडणी तेवढी ऐकू यायला लागली. पाठोपाठ त्यांच्या सगळ्या बायका उठल्या. दादा फेटा सावरत पळत आले. विहीण उपाशी उठली म्हणजे काय, ते आमच्याकडं लहान पोरालाही कळतं. वरात नवरीला घेऊन जाईल, पण ती नवरी पुढं कधी माहेरी हसत येईल का, याची खात्री नाही.

"विहीणबाई, काही चुकलं का?" दादांचे हात जोडलेलेच. "चेष्टेची गाणी ती. मनाला लागलं असलं तर..."

"चेष्टेचं कोण बोलतंय?" शेवंताबाई गरजल्या. "मला गाडी दाबणारी म्हणा, उसन्या साडीची म्हणा, मी काय आज पहिल्यांदा विहीण झालेय व्हय? पण बाई एक कडवं म्हणती, दुसरं म्हणती, तिसरं म्हणती. मला तोंड उघडू देत न्हाई. तुमच्या घरात समोरच्याला बोलू द्यायची पद्धत न्हाई काय? माझं लेकरू... माझी सून अशा घरातली?"

दादा माझ्याकडं बघायला लागले. मी इलाहीभाईंकडं बघितलं. इलाहीभाईंनी वर मांडवाच्या कापडाकडं बघितलं.

मी उठले आणि तडक कोठीकडं पळाले. आत्या लाडवांच्या परातींमध्ये स्टुलावर बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं, पत्र्याच्या खोलीत ऐकू न यायला काय झालं. माझं तोंड बघताच ती उठून उभी राहिली.

"वैजे, मधली जागा कुठं गेली?"

"कुठली जागा?"

"कडवं झाल्यावर मी गप्प बसले होते न्हवं? ती."

"ती मी कापली. तुला आठवत नव्हतं ना, म्हणून तू थांबत होतीस."

"मला आठवत नव्हतं?" आत्यानं कपाळाला हात लावला. "अगं गाढवे, ती जागा माझी न्हवतीच. ती विहिणीची! आपण एक कडवं टाकायचं आणि गप्प बसायचं. मग ती उत्तर देती. तिचं झालं की आपण. समोर कुणी नसलं तरी तिची जागा ठेवायचीच, असं शिकलोय आम्ही. आणि तू तीच कापलीस? भर मांडवात त्या बाईचं तोंड दाबलंस की!"

एवढं रेकॉर्डिंग कापलं, सोललं, नावं दिली आणि नेमकं दुसऱ्या बाईचं बोलणंच मी कचऱ्यात टाकलं होतं.

"आत्या, आता काय करायचं गं?"

"आता काय? जा, पाया पड. मशीनची चूक म्हणून सांग."

ती बोलतेय तोवर बाहेरनं आवाज आला. शेवंताबाई विचारत होत्या, "ही गाणारी बाई कोण? बाईंना बोलवा माझ्यासमोर."

"ते... स्पीकरचं..." आई अडखळली.

"स्पीकर काय स्वतः रचतोय? माणूस कुठाय?"

आईनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं. मी कोठीच्या दारातनं बघत होते. मग सुकू उठली. डोक्याला मुंडावळ्या, गळ्यात हार, नव्या नवरीनं सासूसमोर तोंड उघडायचं नसतं, तरी उघडलं.

"ती माझी आत्या आहे. दोन वर्षांपूर्वी तिचे मालक गेले. तेव्हापासून ती मांडवात येत नाही. ती कोठीत आहे." एवढ्यावर ती थांबली नाही. "मला तिचंच गाणं पाहिजे होतं. राग आला असेल तर माझ्यावर काढा."

मला वाटलं, झालं. संपलं. आईनं तर डोळेच मिटले. शेवंताबाईंनी सुकूकडं बघितलं.

"कोठी कुठाय?"

सुकूनं बोट दाखवलं. शेवंताबाईंनी पायात चपलासुद्धा घातल्या नाहीत. तापलेल्या मातीवरनं ताडताड चालत त्या कोठीकडं निघाल्या आणि मागनं अख्खी पंगत, दादा, आई, उष्ट्या हाताचे पाहुणे. मी दारातनं बाजूला झाले. आत्या तेवढ्यात भिंतीकडं तोंड करून उभी राहिली होती, पदर पार नाकापर्यंत ओढलेला.

"ताई, माझं तोंड दिसाय नको म्हणून हितं बसलेय," ती भिंतीशीच बोलली. "लेकरांनी हौसेनं केलं. तुम्ही जेवून घ्या. पोरीवर राग धरू नका."

"तुमचं तोंड बघायला कोण आलंय?" शेवंताबाई दारातच थांबल्या. दम लागला होता, कमरेवर हात. "मी माझं उत्तर द्यायला आलेय."

आणि त्या गायला लागल्या. आवाज थोडा घोगरा, पण चाल पक्की:

*आत्याबाई कोठीमधी लपून लपून बसती,*
*आम्हां वाढती भात-आमटी, स्वतः लाडू हाणती!*

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. कारण शेवंताबाई गप्प झाल्या होत्या. हाताची घडी घालून आत्याच्या पाठीकडं बघत त्या उभ्या राहिल्या. दादा काहीतरी बोलायला गेले, तर बाईंनी न बघताच हात वर केला. सगळे थांबले. पत्रा उन्हानं तडतड वाजत होता. आत्या हलत नव्हती. मी मनात म्हणत होते, आत्या, गा गं. एकदा गा. तुझ्या पाया पडते.

आधी तिचा खाकरल्याचा आवाज आला. मग भिंतीकडं तोंड असतानाच, अगदी हळू:

*लाडू आमचे मोजून ठेवले, विहीण दारी आली...*

ती थांबली. पदर डोक्यावरनं मागं सारला. वळली. शेवंताबाईंच्या डोळ्याला डोळा लावला आणि पुढची ओळ अशी फेकली की शेडाच्या त्या टोकाला ऐकू गेली:

*बघता बघता परात आमची निम्मी रिकामी झाली!*

काय हशा फुटला म्हणून सांगू! शेवंताबाई तर दाराची चौकट धरून हसत होत्या, डोळ्यांतनं पाणी. त्यांच्याकडच्या बायका ओरडल्या, "आक्का, द्या उत्तर! सोडू नका!" आमच्याकडच्या बायका दोन वर्षं दाबून ठेवलेल्या आवाजात ओरडल्या, "हौसाबाई, हाणा अजून!"

"हितं न्हाई," शेवंताबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "हितं अंधार हाय. माझी पैठणी दिसत न्हाई तुम्हाला. नीट बघून टिंगल करा. चला पंगतीला."

आत्याचा चेहरा पुन्हा उतरला. "ताई, मांडवात मी..."

"मांडव माझ्या लेकाचा बी हाय. मला उपाशी न्यायचं असलं तर बसा लाडू मोजत. जेवू घालायचं असलं तर समोर बसा आणि गा."

आत्यानं आईकडं बघितलं. आई रडत होती, पण तीच पुढं झाली. तिनं आत्याच्या कमरेचा कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा काढून घेतला आणि स्वतःच्या कमरेला खोचला. "जा वन्सं," ती म्हणाली. "कोठी मी बघते."

आत्याला दोन वर्षांनी मांडवात जाताना मी बघितलं. मांडवाच्या तोंडाशी ती क्षणभर अडखळली, तर शेवंताबाईंनी तिचं मनगट धरून सरळ आत ओढलं, बाजारात ओळखीच्या बाईला ओढावं तसं. आपल्या पाटासमोर दुसरा पाट मांडायला लावला. सुकू नवऱ्याला तिथंच सोडून धावत आली आणि आत्याला खेटून बसली. तिला तिथनं उठवायची कुणाची हिंमत झाली नाही.

मग जे काय रंगलं! एक कडवं इकडनं, एक तिकडनं. आत्यानं विहिणीच्या कुंकवाला चाक म्हटलं, विहिणीनं आत्याच्या चष्म्याला खिडकी. आमटीवर साय धरली, भात गार झाला, आचारी येऊन दोनदा कपाळ बडवून गेला. आत्या गायची आणि गप्प बसायची. विहीण गायची आणि गप्प बसायची. त्या गप्प बसण्यात समोरचीला काय सुचतंय ते बघायला सगळी पंगत श्वास धरून पुढं वाकायची. मी वेडी, हेच कापून टाकलं होतं!

आणि नेमकं तेव्हा इलाहीभाईंना वाटलं, आता सगळं सुरळीत झालंय, कार्यक्रम पुढं न्यावा. त्यांनी बटण दाबलं. स्पीकरमधून आत्या गायला लागली, जोरात, कडव्याला कडवं चिकटवून. पाटावरची आत्या आपल्याच आवाजाखाली दबली. तिनं मान वर करून त्या काळ्या खोक्याकडं बघितलं, मग मला शोधलं. तिच्या गालांवर रंग चढला होता, केस सुटले होते, आणि दोन वर्षांत ऐकला नव्हता अशा तिच्या जुन्या, खणखणीत आवाजात ती माझ्यावर ओरडली:

"वैजे, बंद कर गं ते! मी हाय न्हवं हितं!"